नवख्याची जागा

बारामती एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या कुणी आज एखादं वाद्य शिकायचं मनावर घेतलं, की तीन प्रश्न ओळीने उभे राहतात: वाद्य कोणतं घ्यायचं, क्लास कोणता लावायचा आणि परीक्षा कधी द्यायची. पेटी, तबला, की-बोर्ड, गिटार यांपैकी एक घरात येतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, तासभर, चार भिंतींत सा रे ग म किंवा धा धिं धिं धा सुरू होतं. घरी सराव करताना ऐकणारं कुणी नसतं आणि असलंच तर ते ‘दार लावून घे’ म्हणणारं असतं. वर्षभरात वाद्यावर कव्हर चढतं. पोराला मुळात आवडच नव्हती, असा निकाल घरात लागतो आणि विषय मिटतो. हा निकाल मला पटत नाही. नवख्याला एकट्याने, स्वतःचं वाद्य घेऊन, कशाचाच भाग नसलेल्या पाठांनी सुरुवात करायला लावणं ही रीत या मुलखात फार तर शंभर वर्षांची आहे. कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या मधल्या या पट्ट्यात त्याआधी कित्येक पिढ्या लोक वाद्यं शिकत होते आणि त्यांची सुरुवात वेगळ्याच ठिकाणी होत होती. इथल्या दिंडीत, वाजंत्र्यांच्या ताफ्यात, तमाशाच्या फडात नवख्यासाठी एक ठरलेली जागा असे. ती कुणी दयेने मोकळी ठेवलेली नव्हती. ती भरल्याशिवाय वाजवणंच पुरं होत नसे. क्लासच्या पद्धतीने आपल्याला पुष्कळ दिलं, त्याचा हिशेब पुढे येईलच. पण ही जागा तिने काढून टाकली, आणि नवशिके गळतात त्याचं मोठं कारण मला तिथे दिसतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा दरवर्षी आषाढीच्या आधी या भागातल्या रस्त्यावरून चालत जातो. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी नेण्याची प्रथा सुरू केली. ती पालखी उंडवडीहून बारामतीत येते, काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी असं करत इंदापूर गाठते आणि सराटीहून नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. छायाचित्रकारांची गर्दी काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाला आणि बेलवडीच्या गोल रिंगणाला असते. शिक्षणाच्या इतिहासासाठी मात्र रिंगणापेक्षा दिंडीची साधी चाल जास्त बोलकी आहे. पुढे पताका, मग दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये पखवाजी आणि विणेकरी. टाळकरी कितीही असू शकतात, पखवाज एक, फार तर दोन, वीणा एकच. नव्याने आलेला माणूस, मग तो दहा वर्षांचा असो की पन्नास वर्षांचा, टाळ घेऊन रांगेत उभा राहतो. त्याला कुणी मात्रा मोजून दाखवत नाही. दोन्ही बाजूंचे हात एका वेळी मिटतात, पावलं एका वेळी पडतात, पखवाजाची थाप मधून येते आणि आठ मात्रांचा भजनी ठेका पोटऱ्यांतून वर चढत जातो. त्याचा टाळ चुकला तर पन्नास टाळांत तो बुडून जातो. बरोबर पडला तर त्याच पन्नासांत मिसळून मोठा होतो. चुकण्याची किंमत जवळजवळ शून्य आणि बरोबर येण्याचं बक्षीस ताबडतोब: शिकण्यासाठी याहून सोयीची व्यवस्था एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने मुद्दाम आखायची म्हटली तरी अवघड आहे.

टाळ म्हणजे वाद्यच नव्हे, तो नुसता आवाज, अशी शंका शिकल्यासवरल्या माणसाला येते. शास्त्राचा कौल तसा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार वर्ग आहेत आणि काशाच्या टाळांना घनवाद्यांत मानाचं स्थान आहे. भारतीय संगीतात काल धरून ठेवण्याचं काम फार जुन्या काळापासून टाळ करत आला आहे. दिंडीने हे सर्वांत पायाभूत काम सर्वांत नवख्या माणसाच्या हाती दिलं आणि संख्येच्या बळावर ते सुरक्षित केलं. कालाची जाण आधी, बोटांची करामत नंतर, हा क्रम इथे कुणी ग्रंथात मांडला नाही. रांगेच्या रचनेतच तो बसवलेला होता. पखवाजी तयार होई तोही याच रांगेतून. ज्याचा टाळ पक्का, ज्याला अभंग पाठ, तो हळूहळू मधल्या बाजूला सरकतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून देणं, गठ्ठे ठोकून सूर चढवायला मदत करणं, पखवाजी दमला की साधा ठेका धरून ठेवणं, ही पुढची पायरी. बोल तोंडाने म्हणता येतात, कारण ते वर्षानुवर्षं कानावर पडलेले असतात. ज्या दिवशी त्याचा हात पखवाजावर पडतो, त्या दिवशी तो लयीच्या बाबतीत नवशिका राहिलेला नसतो.

दिंडी वर्षातून एकदाच निघते, उरलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. उरलेले दिवस गावच्या देवळाचे होते: एकादशीचं भजन, कार्तिकातला काकडा आणि सर्वांत महत्त्वाचा अखंड हरिनाम सप्ताह. सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. ती गळ्यात घेऊन उभं राहण्याचे पहारे लावलेले असतात आणि रात्री दोनचा, पहाटे चारचा पहारा कुणी तरी सामान्य माणूसच करतो. ही वीणा रागदारीची नाही. तिच्या तारा छेडत सूर जागता ठेवायचा, एवढंच काम. तेवढ्याने काय शिकून होतं, असं कुणी विचारील. एका स्थिर सुरात तास-दोन तास उभं राहणं ही कानाची तालीम आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याला ती फुकटात, गुरूच्या शोधात न फिरता मिळत होती. दिंडीत ज्या विणेकऱ्याच्या पाया पडायचं, त्याच वाद्याला सप्ताहात आपलाही हात लागतो, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. वरची जागा खालच्याला अधूनमधून चाखायला मिळाली नाही, तर चढायची हौस टिकत नाही.

वारकऱ्यांच्या बाहेर पाहिलं तरी हीच रचना वेगवेगळ्या रूपांत भेटते. सनईचा ताफा घ्या. पुणे, सातारा, सोलापूर, सांगली या पट्ट्यातला होलार समाज पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्रीचं काम करत आला; मातंग समाजात हलगी-डफड्याची परंपरा, गुरवांकडे देवळातलं वादन. सनईच्या ताफ्यात मुख्य सनईवाला गाणं वाजवतो, आणि त्याच्या शेजारी एक जण नुसता ‘सूर’ धरतो. त्याच्या वाद्यातून एकच स्वर निघतो, पण तो तुटता कामा नये. त्यासाठी गालांत हवा साठवून ती पिपाणीत सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यावा लागतो. सनई वाजवण्यातली सर्वांत कठीण गोष्ट हीच, आणि ती बोटांच्या कसल्याही खटाटोपाआधी, प्रत्यक्ष लग्नात, वरातीत, देवाच्या पालखीपुढे शिकली जाते. मुलगा सूर धरतो तेव्हा ताफ्याला त्याची गरज असते. तो शिकाऊ म्हणून ताफ्यावर भार नसतो. तमाशाच्या फडात झीलकऱ्याच्या हाती तुणतुणं असतं. एक तार, एक लय आणि ध्रुपद उचलण्याची जबाबदारी, म्हणजे शाहिराच्या पाठीशी उभं राहून सगळी लावणी रोज ऐकण्याची सोय. धनगरांच्या गजीनृत्यात ढोलाभोवती झांजा असतात. दरबारी संगीतही याला अपवाद नव्हतं: उस्तादाच्या मागे तंबोरा धरून बसलेला शागीर्द हा त्याच घरातला. जातींनी आणि प्रतिष्ठेने एकमेकांपासून इतक्या लांब असलेल्या या मंडळींनी एकमेकांची नक्कल केली असेल हे संभवत नाही. तरी सगळीकडे नवख्याच्या वाट्याला एकतर काल धरण्याचं काम येतं किंवा सूर धरण्याचं. गाणं पुढचा वाजवतो. नवखा ज्यावर ते गाणं उभं राहतं ती जमीन धरतो.

खुद्द बारामती गावाचा वारसा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) इथे राहिले, पुराण सांगत आणि लिहीत राहिले. त्यांच्या आर्या महाराष्ट्रभर पसरल्या त्या छापखान्याच्या कितीतरी आधी, कीर्तनकारांच्या तोंडून. सोलापूरकडचा लावणीकार राम जोशी पंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला आणि त्याने पंतांच्या आर्या लोकप्रिय केल्या, ही परंपरेने चालत आलेली कथा. तिचे सगळे तपशील खरे धरायचं कारण नाही, पण आर्या गाऊन पसरल्या यात शंका नाही. कीर्तनातही बुवांच्या मागे झांज धरून ध्रुपद म्हणणारे साथीदार असतच. कवितेचा कस, वृत्ताची लय आणि झांजेचा ठोका एकाच संध्याकाळी एकाच माणसाच्या अंगात मुरत होता. आपण मराठीच्या तासाला वृत्तं शिकवतो आणि तबल्याच्या तासाला मात्रा. दोन्हींचा संबंध बहुतेक विद्यार्थ्यांना आयुष्यात कळत नाही.

आता या चित्राला घेता येणारा सर्वांत मोठा आक्षेप, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. नवख्यासाठी जागा होती खरी, पण कोणत्या नवख्यासाठी? सनईचा सूर होलाराच्या मुलाने धरायचा, कारण तो होलाराचा मुलगा होता. त्याला वीणा हवी असेल तर? हलगी मातंगाच्या घरची. सगळ्या गावाचा सण तिच्यावर चाले, आणि वाजवणाऱ्याला देवळाच्या पायरीखाली उभं राहावं लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात वतनांची आणि बलुत्याची जी यंत्रणा दिसते, तिच्यात वादन हे कला म्हणून नोंदलेलं नसून सेवा म्हणून नोंदलेलं आहे. शिकवणीची फी नव्हती, कारण न शिकण्याची मुभाही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची अपमानास्पद कामं सोडायला सांगितलं तेव्हा अनेक ठिकाणी वाजंत्रीही सुटली, आणि ती सोडणाऱ्यांनी कलेचा द्रोह केला असं म्हणणाऱ्याला त्या वाजंत्रीचा मोबदला कशा रीतीने हातावर टाकला जाई याची कल्पना नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनं संपली. स्त्रियांचं पाहावं तर दिंडीत त्या डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेऊन मागे चालत. अभंग त्यांना पाठ असत, टाळ मात्र पुरुषांच्या हातात. म्हणजे गावातल्या अर्ध्या लोकसंख्येला ही जागा नव्हतीच, आणि उरलेल्या अर्ध्यात कुणाला कोणती जागा हे जन्माने ठरलेलं. वारकरी संप्रदायाने टाळ सगळ्या जातींच्या पुरुषांसाठी खुला केला हे त्याचं थोर काम; तरीही दिंड्यांच्या रचनेत सामाजिक उतरंड पुरती पुसली गेली नव्हती. जुन्या पद्धतीची आठवण काढताना हे सगळं तिच्याच खात्यावर मांडलं पाहिजे.

या दारांवर पहिला जोरदार धक्का मारला तो विष्णु दिगंबर पलुस्करांनी. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या या माणसाने मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही राहून विद्या घेतली. गुरूच्या घरी कामं करत, लहर लागेल तेव्हा मिळेल तेवढं वेचायचं, ही रीत त्यांनी आतून पाहिलेली होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला. वेळापत्रक, वर्ग, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा, पदवी: शाळेला असतं ते सगळं त्यांनी संगीताला दिलं. पुण्यात गायन समाज १८७४ पासून होता, पण शिक्षणाची साखळी उभी केली ती पलुस्करांनी आणि त्यांच्या शिष्यांनी. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं; पुढच्या वर्षी विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही जी शिडी आज तालुक्याच्या गावांतली मुलं चढतात, ती या मंडळाची. फी भरली की कोणत्याही जातीची, कोणत्याही घरची मुलगी तबल्यापुढे बसू शकते, ही साधी वाटणारी गोष्ट या शिडीमुळे शक्य झाली. एका माणसाने एका आयुष्यात इतकं सामाजिक काम केल्याची उदाहरणं संगीताच्या इतिहासात थोडी आहेत.

पण शाळेच्या साच्याबरोबर शाळेची खोडही आली. परीक्षक एकेकाला बोलावतो, म्हणून विद्यार्थी एकेकट्याने तयार होतो. अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला सोपे ताल आणि सोपे राग असतात, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलाला दुसरं काही ऐकायला किंवा करायला मिळत नाही. ज्येष्ठांचा वर्ग वेगळ्या वेळी असतो. जुन्या ताफ्यात नवखा सर्वांत सोपं काम करत असे, पण अवघड संगीताच्या ऐन मध्यभागी बसून. वर्गात तो सोपं काम सोप्या संगीतातच करतो. दोन्हींतलं अंतर फार मोठं आहे. अलीकडे दहावीच्या निकालात शास्त्रीय कला आणि लोककलांना वाढीव गुण मिळतात. त्यामुळे परीक्षांना बसणाऱ्या मुलांना एक निमित्त मिळालं, आणि दहावी झाली की वाद्य सोडण्यालाही. पलुस्करांवर याचं खापर फोडण्यात अर्थ नाही. त्यांच्या शाळांत सामूहिक प्रार्थना होती, समूहगान होतं, शिष्य गुरूच्या मागे मैफलीत बसत. शिडी राहिली आणि तिच्या भोवतीचं अंगण पुढच्यांनी गाळलं, असं झालं. तालुक्याच्या क्लासला अंगण परवडत नाही. त्याला तासाचे पैसे मिळतात.

वाद्यांनीही याच दिशेने मदत केली. अलेक्झांद्र दबेन या फ्रेंच कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून एका हाताने भाता मारत वाजवता येईल अशी केली. महाराष्ट्रात नाटकं आणि कीर्तनं यांच्या मागून ती गावोगाव गेली. पेटीवर पहिलीच पट्टी दाबली की सूर बरोबर लागतो. सनईत स्वर यायला महिने जातात, सारंगीत वर्षं. पेटीने ही अडचण एका झटक्यात मिटवली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली, पण या बंदीचा भजनी मंडळांवर काडीचा परिणाम झाला नाही. जपानमध्ये नागोयाला १९१२ मध्ये तयार झालेलं, टाइपरायटरसारख्या कळा असलेलं एक तंतुवाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि वरातींतल्या बेंजो पार्ट्यांत जाऊन बसलं; तिथेही कळ दाबली की स्वर. आजचा की-बोर्ड त्याच्याही पुढे गेला: ठेकाही तोच देतो, सूरही तोच धरतो. म्हणजे दिंडीतला टाळकरी आणि ताफ्यातला सूरवाला, दोघांचं काम यंत्राने घेतलं. पेटी वाईट, की-बोर्ड वाईट, असं मी म्हणत नाही. पेटीविरुद्ध लिहिणाऱ्यांचा कर्मठपणा मला कंटाळवाणा वाटतो. मुद्दा इतकाच, की या वाद्यांनी नवख्याला पहिला स्वर लवकर दिला आणि शेजारी कुणी असण्याची गरज संपवली. पहिला आठवडा सोपा झाला, पहिलं वर्ष अवघड.

दुसरा मोठा आक्षेप व्यवहाराचा आहे. भजनाला सगळ्या गावाची संध्याकाळ एकाच वेळी मोकळी लागते. ती आता कुठे आहे? हा आक्षेप खोटा नाही, आणि या भागात त्याची मुळं एमआयडीसीच्या बरीच आधी सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, आणि पाऊस पडला की पेरणी, पीक निघालं की मोकळीक, हे जुनं वेळापत्रक ऊस आणि पाण्याच्या पाळ्या यांनी मोडायला सुरुवात केली. कालव्याची पाळी रात्री दोनला आली तर दारं धरायला रात्री दोनलाच जावं लागतं. मग वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर अशा साखर कारखान्यांचे भोंगे आले. आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक महामंडळाची वसाहत बारामतीजवळ उभी राहिल्यावर तिथल्या वाहनांच्या, दुधाच्या, कापडाच्या, चॉकलेटच्या कारखान्यांबरोबर तीन पाळ्यांचं आयुष्य. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी मोकळा, दुसऱ्या पाळीचा कामावर, तिसऱ्या पाळीचा झोपेत, आणि पुढच्या आठवड्यात सगळं उलट. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून आलेल्या कामगाराला गावच्या देवळात कोणत्या रांगेत उभं राहायचं हेही ठाऊक नसतं. अशा वस्तीत सहा ते सातचा क्लास हीच चालणारी गोष्ट आहे, हे मान्य. मात्र वेळ विभागली गेली म्हणून शिकणं एकट्याचं झालंच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. सप्ताहाचे पहारे मुळात पाळ्यांतच लावलेले असतात. ज्या समाजाने चोवीस तास वीणा उभी ठेवण्याची वाटणी कागद-पेन्सिलीने करून दाखवली, त्याला कारखान्याच्या पाळीला जुळणारं एक साप्ताहिक भजन बसवता येत नाही, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे.

तिसरा आक्षेप संगीत जाणणाऱ्यांचा असतो: टाळ धरणारे हजार, त्यांतून पखवाजी किती झाले? आणि रागसंगीत तर त्यांच्या वाऱ्यालाही नाही. यातलं अर्धं मी खुशाल कबूल करतो. मिरजेचे सतारमेकर सतारी आणि तंबोरे करतात, त्यांच्यासाठी लागणारे भोपळे पंढरपूरच्या बाजूला, याच भीमेच्या काठी पिकतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा भीमाकाठचा आणि तंबोरा वाजायचा पुण्या-मुंबईच्या मैफलीत, हे जुन्या व्यवस्थेचं खरं अपयश आहे. टाळकऱ्याला तंबोऱ्यापर्यंत नेणारी पायरी तिने कधी बांधली नाही. आळंदीला १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, ती ग्रंथ, कीर्तन आणि अभंग यांच्यासाठी. आळंदीत पखवाज आणि गायन शिकवणाऱ्या शाळा वाढल्या आणि तिथून उत्तम पखवाजी बाहेर पडले, पण ती वाटही एका संप्रदायाच्या आतली. आक्षेपाचं उरलेलं अर्धं मात्र चुकीच्या मोजमापावर उभं आहे. हजार टाळकऱ्यांतून पखवाजी पाचच झाले, तरी उरलेले नऊशे पंच्याण्णव वाया गेले नाहीत. ते मरेपर्यंत वाजवत राहिले. क्लासला गेलेल्या हजारांतून विशारद पाच झाले, तर उरलेल्यांच्या हाती काय राहतं? प्रारंभिकचं प्रमाणपत्र आणि कव्हर घातलेली पेटी. शिखर किती उंच यावर पद्धत जोखायची असेल तर क्लास जिंकतो. माणूस आयुष्यभर वाजवता राहतो का, यावर जोखायची असेल तर निकाल उलटा लागतो.

आणि बंद दारांचा जो मोठा आक्षेप वर आला, त्याचं उत्तर कुणा पंडिताने दिलेलं नाही. ते महिला भजनी मंडळांनी दिलं. ज्या बायका दिंडीत तुळस घेऊन मागे चालत, त्यांच्या लेकी-सुनांनी गल्लोगल्ली मंडळं काढली, टाळ हातात घेतले, एकीने पेटी शिकून घेतली, एकीने ढोलकी. त्यांच्यापैकी फार थोड्या जणी परीक्षेला बसल्या असतील. नवी बाई आली की तिच्या हाती टाळ देतात आणि शेवटच्या रांगेत बसवतात. वर्षा-दोन वर्षांनी ती पेटीजवळ सरकलेली असते. म्हणजे जुनी जागा तीच, फक्त दारावरचा पहारेकरी हटला. पुण्यातून पसरलेल्या ढोल-ताशा पथकांतही हेच घडतं: नवा मुलगा ढोलाच्या रांगेत, आणि वर्षानुवर्षांचा मुरलेला ताशावर. तिथे मुलगे आणि मुली, सगळ्या जातींचे, शेजारी शेजारी वाजवतात. पथकांच्या आवाजाबद्दल तक्रारी रास्त असतील, पण नवखा तिथून कंटाळून जात नाही, हे तक्रार करणाऱ्यांनीही पाहावं. जन्माची अट काढली तर नवख्याची जागाही मोडेल, ही भीती या दोन उदाहरणांनी निकालात काढली आहे.

म्हणून बारामती, इंदापूर आणि एमआयडीसीच्या वसाहतींत क्लास चालवणाऱ्या मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. परीक्षा ठेवा, स्वरलिपी ठेवा, फीही ठेवा. आठवड्यातला एक तास मात्र असा काढा, की ज्यात पहिल्या महिन्याचा मुलगा आणि मध्यमा झालेली मुलगी एकाच बैठकीत बसतील; मुलगी पेटीवर अभंग वाजवील, आणि मुलगा टाळ धरील किंवा तंबोऱ्याचा सूर. की-बोर्डचा ठेका त्या तासापुरता बंद ठेवा. आणि पालकांनी पेटी विकत घेण्याची घाई करू नये. आधी जवळच्या भजनी मंडळात किंवा सप्ताहात मुलाला महिनाभर टाळ घेऊन बसवावं. कुणाचं मंडळ, कोणत्या जातीचं, बायकांचं की पुरुषांचं, हे विचारू नये. टाळांची जोडी पेटीच्या मानाने फार थोड्या पैशांत मिळते.